मोठीनं सोडायचं

९ मार्च

बाई गं, जिंकली आपली धाकटी! हे आधी लिहून टाकते, बाकीचं सावकाश. पाच पंच होते आणि पाचांनीही तिलाच दिलं. परक्या देशात, परक्या लोकांसमोर, पाच-शून्य!

तू कशी आहेस हे आधी विचारायला हवं होतं, पण हात थांबेना. कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर? तुझा पत्ता मी सरांकडून काढला. चार दिवस रोज त्यांच्या बॉक्सिंगच्या हॉलवर जाऊन बसले. खाली ते टायरांचं गोदाम, सगळा जिना रबराच्या वासानं भरलेला, वर पोचेपर्यंत माझा भाता फुललेला. सर म्हणाले, "आजी, कुणाला देऊ नका असं सांगून गेलीय ती." म्हटलं, "मी कुणी आहे का? मी आजी आहे." चौथ्या दिवशी कंटाळून दिला. माणूस मनानं चांगला, नुसता आवाज मोठा. तुम्ही दोघी मागून त्यांना शिट्टी म्हणायचात ना, ते त्यांना पहिल्यापासून माहीत आहे बरं का. मीच सांगितलं होतं.

तर लढत. दुपारची होती. मी लॉन्ड्रीत उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई फोन घेऊन धावतच आल्या. एवढीशी ती काच आणि त्यात दोन मुंग्या. विचारलं, "आपली कुठली?" म्हणाल्या, "निळी." मग मला दिसायला लागलं. समोरची चांगली उंच, हात सळईसारखे. आपलीनं काय केलं, डावा हात नुसता पुढे ठेवला, जवळच येऊ देईना तिला. तो तुझाच डावा हात गं! गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीसमोर उभी करून तूच शिकवलास तिला. माझ्या धुतलेल्या चादरीला ठिपके पडायचे आणि मी ओरडायचे, तेव्हाचा.

दुसऱ्या राऊंडला चित्र अडकलं. समोरचीची मूठ आपलीच्या नाकापाशी येऊन थांबली आणि तिथंच राहिली. मी ओरडले, "अहो, हलवा त्याला!" नर्सबाई म्हणतात, "आजी, नेट गेलं, मी काय करू?" तेवढ्यात अभ्रा जळाला. मालक ओरडायला आले आणि काय झालं विचारता विचारता तेच फोनसमोर उभे राहिले. चित्र परत आलं तेव्हा पंचांनी आपलीचा हात वर धरला होता. मधलं सगळं गेलं बघायचं. पण मालक अभ्र्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

जाताना तिनं मला विचारलं होतं, "ताईचं मनगट बरं झालं का गं?" मी म्हटलं, होतंय. तेव्हा तूही तिला वेगळं काही कळवू नकोस. तिला मी तेच सांगितलंय, की ताईचं मनगट लचकलं म्हणून ती निवड चाचणीच्या शेवटच्या लढतीला उतरली नाही आणि धाकटीला न खेळता पुढे चाल मिळाली. आपल्या दोघींचं जे बोलणं झालं ते आपल्या दोघींत. तू समजूतदार आहेस. लहानपणापासून आहेस.

आजी


१७ मार्च

पदक आलं घरात! कांस्य. तांब्याच्या झाकणासारखं दिसतं, पण जड एवढं की गळ्यात घालून पाहिलं तर माझी मानच वाकली. घालून आरशात पाहिलं म्हणून ती हसली मला. "आजी, तुझं वजन किती गं? कुठल्या गटात उतरवू तुला?" म्हटलं, "जिन्यानं वर येताना मी शंभर किलोची असते."

उपांत्य सामन्यात हरली, तीन-दोननं. एका पंचाचा फरक. सर म्हणतात तो पंच झोपला होता. उपांत्य हरलेल्या दोघींनाही कांस्य देतात, हे मला माहीत नव्हतं. हरूनही पदक मिळतं असा हा एकच खेळ असावा. मला आवडलं ते. कुणी रिकाम्या हातानं जात नाही.

लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिला खांद्यावर घेऊन जिन्यानं आणलं. दुसऱ्या मजल्यावर दमल्या आणि खाली ठेवलं, मग चालत आली. सगळी मजाच. फक्त घरात शिरल्यावर तिनं तुझ्या खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "ताईचं काही आलं?" मी म्हटलं, "कामात असेल. पार्सलच्या गोदामात काय कमी काम असतं?" मग ती पायातले बूट काढत राहिली. एक बूट काढायला किती वेळ लावावा माणसानं.

तुला राग आलाय, हे मला कळतं. अगदीच अडाणी नाही मी. पण माझं ऐक. तुमचे आईबाप गेल्यापासून आपण तिघी, दोन खोल्या. खिडकीजवळची खाट एक, तुम्ही दोघी. तू सात वर्षांची, ती दोनची. मी "मोठीनं सोडायचं" म्हटलं की तू उशी काखेत मारून मुकाट्यानं उठायचीस. आंघोळीचं गरम पाणी, नवी वही, पहिली ग्लव्हजची जोडी, सगळं असंच झालं आणि घर कसं शांत राहिलं. शेजारच्या घरात दोन भाऊ एका पंख्यावरून एकमेकांचं डोकं फोडतात, ते तूही पाहिलंस.

आणि मग सरांनी सांगितलं की एका वजनात देशातून एकच जाते, आणि शेवटच्या लढतीत तुम्ही दोघीच समोरासमोर आलात. घरातल्या दोन पोरींनी लोकांसमोर एकमेकींच्या तोंडावर मारायचं? जिला लागेल तिच्या डोळ्याला शेक कोण देणार, मीच ना? धाकटीला शाळा जमली नाही, दुसरं काही येत नाही. तुझ्या हातात दहा कामं आहेत. म्हणून तुला म्हटलं, लढत सोड. तू लगेच हो म्हणालीस, तेव्हा मला बरं वाटलं, की आपलं वळण किती चांगलं आहे.

आणि आता पुढची पाळी तुझीच आहे की. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला तू जाशील. नोव्हेंबरात चाचणी असते म्हणतात. तोवर ये. खाटेवर मी धुतलेली चादर घातलीय.

आजी


५ जून

एवढे दिवस लिहिलं नाही. हात दुखत होता असं लिहिणार होते, पण हात ठीक आहे.

मी हॉलवर गेले होते सरांना सांगायला. पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. म्हटलं, "सर, या खेपेला थोरलीचं नाव घाला. आता तिची पाळी."

"कसली पाळी, आजी?"

"अहो, मागच्या खेपेला धाकटी गेली. आता मोठी जाणार ना?"

त्यांच्या तोंडातली शिट्टी पडली. "हा काय बागेतला झोका आहे का? एकदा तू बस, एकदा मी बसते?" मग त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. जी पदक आणते ती सरळ देशाच्या शिबिरात जाते, धाकटीचं जुलैत सुरू होतंय. तिथं तिला खाणं, डॉक्टर, मोठे कोच, सगळं मिळतं. चार महिन्यांत ती कुठल्या कुठे जाते. मागे राहते तिला परत खालच्या पायरीपासून खेळत वर यावं लागतं. "आणि थोरली सव्विसाची झाली. हे वर्ष तिचं होतं, आजी. मी सात वर्षं या एका वर्षाची वाट पाहिली. ऐन वेळी ते मनगट आडवं आलं."

मी म्हटलं, "मनगट कुठलं? तिनं मोठेपणानं सोडलं होतं हो."

तोंडातून गेलं ते गेलं. एक दोरी वाजायची थांबली होती, ते मला उशिरा कळलं. धाकटी खांबाच्या मागे उभी होती.

"तू सांगितलंस तिला सोडायला, आजी?"

"घरात मोठीनं सोडायचं असतं बाळ, एवढंच..."

"घरात!" ती म्हणाली आणि तशीच ग्लव्हजसकट जिना उतरून गेली. रस्त्यानं ग्लव्हज घालून चालत घरी आली म्हणे, दाराची कडी कोपरानं वाजवली.

तीन दिवस असेच गेले. मी वाढायचे, ती ताट घेऊन गॅलरीत जायची. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता माझ्याकडे पाठ करून बोलली. "म्हणजे मी तिला हरवलंच नाही. आणि मी देशातली नंबर एक म्हणून जगभर हिंडून आले." मग नळ बंद केला आणि म्हणाली, "आठ वर्षं मला तेवढं एकच करायचं होतं, आजी. एकदा तिला हरवायचं होतं. किंवा तिच्याकडून नीट हरायचं होतं."

मला वाटलं होतं, मी तिला काहीतरी दिलं.

तुला हे सगळं कशाला सांगतेय? तर तिला आता माहीत आहे, लपवायचं काही उरलं नाही. तू घरी यायला आता काही अडचण नाही. असं मला वाटतं.

आजी


२१ ऑगस्ट

आनंदाची बातमी आधी. सरांना तुझा फोन आला होता! त्यांनी मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं. तू दुसरं काही बोलली नाहीस, फक्त विचारलंस, "तिचं नाक कसं आहे?" आणि ठेवलास. नर्सबाईंना मी तीनदा सांगितलं. म्हटलं, नाक फुटल्याची बातमी तर वर्तमानपत्रात एवढीशी आली होती, कोपऱ्यात. म्हणजे ती शोधून वाचते! नर्सबाई म्हणाल्या, "आजी, आता तुम्ही नाचू नका, खाली माझं छत आहे."

नाक बरं आहे. थोडं डावीकडे गेलंय. तुला कळायला हवं म्हणून सगळं सांगते. धाकटीनं सरांना लिहून दिलं की ती आता चौपन्न किलोत खेळणार नाही, सत्तावन्नमध्ये जाते. सरांनी डोक्याला हात लावला. "पक्की जागा सोडून? शिबिर सोडून? तिथल्या पोरी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत!" ती म्हणाली, "चौपन्न मोकळं झालं पाहिजे. बाकी मला माहीत नाही."

तेव्हापासून ती खातेय. सकाळी सहा अंडी, केळी, दूध, भाताचा डोंगर. जेवणाची आवडच गेली तिची, औषधासारखं गिळते. एरवी अंगातलं पाणी जाऊन वजन उतरावं म्हणून थुंकत बसायची, माहीत आहे ना तुला, आता काट्यावर उभी राहून म्हणते, "चढ ना मेल्या." आणि पहिल्याच लहानशा स्पर्धेत एका उंच पोरीनं तिचं नाक फोडलं. नर्सबाईंनी कापूस भरला. कापूस भरलेल्या नाकानं मला म्हणते, "ताईला लिही, जागा रिकामी आहे."

तर लिहितेय. सरांनी क्लबतर्फे तुझं नाव घातलंय. मीच घालायला लावलं. तुला विचारायला हवं होतं, पण विचारलं तर तू नाही म्हणशील, म्हणून नाही विचारलं. अकरा नोव्हेंबर. सर म्हणतात, तिकडे कुठे सराव करत असलीस तर पहिल्या दोन लढती तू सहज काढशील. सराव करतेस ना? नाक विचारणारी पोरगी सराव करत असणारच, असं मी त्यांना छातीठोक सांगून टाकलं.

नुसती ये. उभी राहा. पुढचं तुझा डावा हात बघून घेईल.

आजी


१२ नोव्हेंबर

काल मी पहिल्यांदा चाचणी बघायला गेले. एवढ्या वर्षांत कधी गेले नव्हते, लागलेलं बघवत नाही म्हणून. तुम्ही दोघी जायचात आणि मी लॉन्ड्रीत बसून मनातल्या मनात जिंकायचे.

मोठा हॉल आहे गं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाक, दिव्यांखाली रिंगण. सकाळी वजनं झाली. सरांनी पंचांच्या हातापाया पडून तुझ्यासाठी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला, गाडी उशिरा आहे म्हणून. मी दारातच बसले होते. आत येणाऱ्या प्रत्येक पोरीची आधी चालण्याची ढब बघायची, मग तोंड. दाराशी बसायचं नाही म्हणून मला दोनदा उठवलं.

धाकटीची लढत आधी झाली. हरली. चार-एक. हिनं मारायला जावं आणि समोरच्या उंच पोरीनं नुसतं मागे सरकावं. तिनं हेडगार्ड काढलं, तोंड पुसलं आणि लगेच तुझ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, पाण्याची बाटली आणि स्टूल घेऊन. सर तिच्या शेजारी.

मग तुझं नाव पुकारलं. सर म्हणाले होते, वजन झालं नाही तरी फलकावर नाव आहे म्हणून पुकारावंच लागतं. समोरच्या कोपऱ्यातून एक मुलगी आत आली. अठरा-एकोणीसची असेल, कानात डूल होते ते काढायला विसरली होती, तिच्या कोचनं काढून खिशात टाकले. ती उड्या मारत होती. तुझ्या कोपऱ्यात दोरांच्या आत कुणी नव्हतं. घंटा वाजली आणि एक माणूस घड्याळाकडे बघत उभा राहिला.

एक मिनिट थांबतात, असा नियम आहे. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, पुढे चाल म्हणजे कागदावर एक रेघ मारत असतील, झालं. एक मिनिट सगळा हॉल त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होता. कुणी हसत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. धाकटीनं स्टूल खाली ठेवलं होतं आणि त्याच्यावरची धूळ तळहातानं पुसत होती. मागच्या खेपेला ती त्या दुसऱ्या कोपऱ्यात होती आणि हा कोपरा तुझा होता, नाही का? तेव्हाच्या त्या मिनिटात तू कुठे होतीस? कपडे बदलायच्या खोलीत? की बाहेर रस्त्यावर? घंटा ऐकू येईल एवढ्या जवळ होतीस का?

मी उठले. ओरडले, "थांबा! येतेय ती! बाहेर पट्ट्या बांधतेय हाताला!" का ओरडले, माहीत नाही. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. घड्याळवाल्याला हातानं थांब म्हणाले. चांगला माणूस. आणखी एक मिनिट गेलं माझ्या खोटेपणानं. धाकटी पळत दारापर्यंत जाऊन आली गं. तिला खरं वाटलं.

मग पंच म्हणाले, "आजी, बसा खाली." आणि त्यांनी त्या मुलीचा हात वर केला. टाळ्या किती वाजल्या, सांगू? चार-पाच.

ती मुलगी खाली उतरली आणि थेट माझ्याकडे आली. मला वाटलं भांडणार. म्हणाली, "आजी, तुमच्या नातीच्या सगळ्या लढती मी फोनवर पाठ केल्या आहेत. सहा महिने फक्त तिचा डावा हात चुकवायला शिकत होते. आता मला कसं कळणार, जमलं असतं की नाही?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी! जिंकलेल्या पोरीच्या. मी तिचा हात हातात घेतला. घामानं गार पडला होता.

घरी येताना बसमध्ये धाकटी खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "ती आली नाही." म्हणाली, "आपण तिला बोलावलं कुठे, आजी? आपण नाव घातलं." तीन थांबे गेले. मग आपणहून म्हणाली, सोमवारपासून परत सराव सुरू करते, कुठल्या वजनात ते अजून ठरवलं नाही.

तेव्हा आता एक खरं लिहिते. मागे मी लिहिलं होतं की तू लगेच हो म्हणालीस. तू हो म्हणाली नव्हतीस. तू जमिनीवर बसून हाताच्या पट्ट्या गुंडाळत होतीस. मी बोलत होते, मोठीनं सोडायचं, तुला काय कमी आहे, लोक काय म्हणतील. तू "आजी" एवढंच म्हणालीस आणि मान वर केलीस. पुढे काहीतरी बोलणार होतीस. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी स्वयंपाकघरात पळाले. परत आले तेव्हा तू पट्ट्या पिशवीत टाकून निघून गेली होतीस. मी ते हो धरलं. मला तसं धरायचं होतं.

नाव पुन्हा घालणार नाही. ये असंही लिहीत नाही. तुझ्या खाटेवरच्या चादरीचंही काही सांगत नाही. तू काय उत्तर देशील ते धाकटीला वाचून दाखवीन, जसंच्या तसं, मग ते कसंही असो.

सव्वीस वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, म्हणून आज विचारते. त्या दिवशी तुला खेळायचं होतं का गं?

आजी